पार्मिजानोच्या गावात हिवाळाभर राहून: कोणी जावं, कोणी नाही

इटलीत पार्मा आणि रेज्जो एमिलिया या शहरांच्या मधल्या सपाट पट्ट्यात, जिथे पार्मिजानो हे कडक चीज बनतं, तिथल्या गाईवाल्याच्या एका ॲग्रीतुरिस्मोत हिवाळाभर राहिलो. हे शेतावरचं पाहुणघर कायद्याने शेतकऱ्यालाच चालवता येतं आणि शेती हाच त्याचा मुख्य धंदा असावा लागतो. त्यामुळे घड्याळ गाईंचं. मला आवडलं, नाश्त्याला उशीर झाला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हॉटेल बघावं.

पैसे वसूल झाले ते चीजच्या कारखान्यात. संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ हौदात ठेवतात, वरची साय काढतात, उरलेल्या दुधात सकाळचं अख्खं दूध मिसळून तांब्याच्या खोल कढईत ओततात. विरजण म्हणून आदल्या दिवशीची आंबलेली निवळी, म्हणजे फाटलेल्या दुधाचं पाणी. दूध फाटून तळाशी बसलेला गोळा दोघं जण लाकडी फळीने सोडवून कापडात उचलतात आणि सुरीने मधोमध कापतात. एका कढईची चीजची दोन गोल चाकं. कापडातून गळणाऱ्या निवळीखाली हात धरला, तर कोमट आणि गोडसर. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं, वजन भरतं ४० किलोच्या आसपास. मग मिठाच्या पाण्यात मुक्काम आणि निदान १२ महिने फळीवर. गाईंना मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) अजिबात चालत नाही, नियमच आहे. आपल्याकडच्या दूधवाल्याला हे सांगून बघा!

शाकाहाऱ्यांनी मात्र नीट विचार करावा. दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, त्याला पर्याय नाही. न्योक्को फ्रित्तो या तळलेल्या पिठाच्या तुकड्यांत डुकराची चरबी. पालेभाजी आणि रिकोत्ता हे मऊ चीज भरलेला तोर्तेल्ली पास्ता घ्यावा, तर वरून पार्मिजानोच भुरभुरतात. माझी सोय झाली ती याच भागातल्या नोव्हेल्लारा गावच्या गुरुद्वारात. या भागातल्या गोठ्यांवर पंजाबी माणसं वर्षानुवर्षं राबताहेत, त्यांनी २००० साली तो उघडला. लंगरची डाळ खाऊन जीव थाऱ्यावर आला.

तक्रारी? धुकं असं की समोरचा गोठा दिसत नाही. रविवारी बस नाही, त्यामुळे गाडी किंवा सायकल हवीच. यजमान रात्री हीटर बंद करायचे; म्हटलं तर आणखी एक पांघरूण आणून द्यायचे. आणि कामापुरती इटालियन शिकून जा, इंग्रजीवर भागत नाही.

विकत घेणार असाल तर २४ महिन्यांचं घ्या. ३६ महिन्यांच्याचा बोलबाला फार, पण ते पास्त्यावर किसून वाया घालवू नका. तुकडा मोडून नुसतंच खायचं.