"इंजिन जाम झालंय काका": मोटर लावलेल्या सायकलीच्या दुरुस्तीत आमच्या नानांना कसं लुबाडलं

साध्या सायकलीला पेट्रोलचं छोटं इंजिन बसवून देणारी गॅरेजं नवी मुंबईत आणि ठाण्यात बरीच झाली आहेत. चायना किट येतं, फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात इंजिन बसवतात, डाव्या बाजूने वेगळी चेन मागच्या चाकाला जाते आणि वर लहानशी टाकी. गिऱ्हाईक बहुतेक वयस्कर असतं, गुडघ्यांनी दगा दिलेलं, पण रोजचं काम सोडणं परवडत नाही असं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

नाना म्हणजे माझे मोठे काका. वाशीच्या मार्केटमध्ये आयुष्यभर माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहिली. आता कोपरखैरण्यात पहाटे पेपरची लाईन टाकतात. सेक्टरामागून सेक्टर सायकल मारून गुडघे सुजायला लागले, तेव्हा कुणीतरी त्यांना ठाणे-बेलापूर रोडलगतच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेजवाल्याने व्हॉट्सअॅपवर किटचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "८० सीसी, नो लायसन्स, नो आरटीओ". सतरा हजार घेतले, काही रोख, काही यूपीआयने. बिल मागितलं तर म्हणाला, "काका, बिल घेतलं तर जीएसटी लागेल, उगाच कशाला?"

उन्हाळा बरा गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि सायकल एका सकाळी चालू होईना. पेडल मारून वेग घ्यायचा, क्लच सोडायचा, इंजिन नुसतं फटफट फिरायचं, पेट घ्यायचं नाही. नानांनी ती ढकलत गॅरेजला नेली. "सीडीआय गेला." म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट सोडणारी डबी. एका दिवसाने चालू करून दिली, अठराशे रुपये. पुढचा मोठा पाऊस झाला, पुन्हा तेच. "आता कॉईल जळली, नवीन टाकली." बावीसशे. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी नानांबरोबर गेलो, आणि तिथे जे बघितलं तेच मुख्यतः सांगायचं आहे.

गॅरेजवाल्याने प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा पार्ट) काढला, वायरच्या टोपीत बसवला आणि टोपी हातात धरून हवेत ठेवला. गॅरेजमधल्या पोराने मागचं चाक फिरवलं. "बघा काका, करंटच नाही." प्लगच्या टोकाला खरोखरच काही दिसत नव्हतं. मग प्लग परत आवळला, क्लचचा लिव्हर सोडला (म्हणजे चाक इंजिनाला जोडलं गेलं) आणि नानांना म्हणाला, आता सायकल पुढे ढकलून दाखवा. नानांनी जोर लावला, चाक जागचं हललं आणि अडलं, हललं आणि अडलं. "इंजिन जाम झालंय काका. पाण्याने पिस्टन धरलाय. हेड खोलून बोअर मारावं लागेल, रिंग-पिस्टन नवीन. साडेसहा हजार. आज ठेवून जा." नानांचा चेहरा उतरला. पेपरच्या लाईनीत महिन्याला काय उरतं हे मला माहीत आहे. मी म्हटलं, आज नाही, विचार करून सांगतो, आणि सायकल टेम्पोत टाकून घरी आणली.

माझी धाकटी बहीण वागळे इस्टेटच्या आयटीआयतून इलेक्ट्रिशियन झाली आहे, आता रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्याच संध्याकाळी तिने सायकल डबल स्टँडवर चढवली. आधी तिने प्लग काढून बाजूला ठेवला आणि क्लच सोडलेल्या अवस्थेत नानांना हाताने पेडल फिरवायला सांगितलं. इंजिन हलक्या हाताने फिरलं, कुठेही अडकलं नाही. जाम इंजिन प्लग काढून मोकळं होत नाही. प्लग जागेवर असताना क्लच सोडून चाक ढकललं की ते अडणारच, कारण आतला पिस्टन हवा दाबत असतो. त्याला कॉम्प्रेशन म्हणतात आणि ते चांगल्या इंजिनाची खूण आहे. ज्या गोष्टीने इंजिन धडधाकट असल्याचं कळतं, तीच दाखवून तो साडेसहा हजार मागत होता.

मग प्लग. प्लगची ठिणगी बघायची असेल तर प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या हेडला (वरच्या धातूच्या झाकणाला) टेकलेला असावा लागतो, तरच विजेचा फेरा पूर्ण होतो. हवेत धरलेल्या प्लगला ठिणगी दिसत नाही, मग सीडीआय आणि कॉईल कितीही नवी असोत. रोज इंजिनं उघडणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. तिने घरातला दिवा मालवला, प्लग हेडला टेकवला (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते), नानांनी पेडल मारलं. तरीही ठिणगी नाही. म्हणजे दोष होता, पण वायरिंगमध्ये.

हँडलवरचा लाल किल स्विच इंजिन बंद करण्यासाठी असतो. तो दाबला की मॅग्नेटोची (इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या भागाची) निळी वायर काळ्या वायरीला, म्हणजे बॉडीला जोडली जाते आणि करंट प्लगपर्यंत पोचतच नाही. स्विच न दाबताही आत तसंच जोडलेलं राहिलं, तर इंजिन कधीच पेट घेणार नाही. तिने स्विचच्या दोन्ही वायरी सोडवल्या. मॅग्नेटोची निळी सीडीआयच्या निळीला, काळी काळीला, एवढंच ठेवलं. पांढरी वायर या किटमध्ये मोकळीच असते, तिला टेप मारलेला होता तसाच राहू दिला. पुन्हा पेडल मारलं आणि प्लगला निळी, जाड ठिणगी पडली. नाना काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्यांदा पेडल फिरवून ती परत बघितली.

स्विच उघडला तर आत पाणी आणि पितळेवर हिरवा थर. म्हणूनच गॅरेजच्या छपराखाली एक दिवस उभी राहिली की वाळून चालू व्हायची आणि पुढच्या पावसात बंद पडायची. दीडशे रुपयांच्या स्विचचं काम. (स्विच सोडवून सायकल रस्त्यावर नेऊ नका, इंजिन बंद करायला हातात काही राहत नाही.)

मग राहिले ते "नवीन" पार्ट. बहिणीने मॅग्नेटोच्या वायरींवर मीटर लावला. निळ्या-काळ्यात साडेतीनशे ओहमच्या आसपास आकडा आला, कॉईल ठणठणीत. पण ती नवी होती का? मॅग्नेटोच्या झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत तेल आणि धूळ मिळून काळा थर बसला होता, दगडासारखा घट्ट. त्या खाचांत उन्हाळ्यापासून स्क्रूड्रायव्हर गेलेला नव्हता. झाकण न उघडता आतली कॉईल बदलता येत नाही. आणि सीडीआयची डबी उलटी करून बघितली तर मागच्या बाजूला हिरव्या ऑइलपेंटचा थेंब. मे महिन्यात नानांनी खिडकीच्या गजांना रंग दिला होता, सायकल खालीच उभी होती. पुढची बाजू घासूनपुसून चकचकीत केली होती. मागचा थेंब त्याला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. गॅरेजवाला आधी म्हणाला, नवीन टाकला होता पण चालला नाही म्हणून जुनाच परत बसवला. मग पैसे का घेतले? मग म्हणाला पोराची चूक झाली असेल. बहिणीने त्याला एकच सांगितलं, "भाऊ, प्लग हेडला टेकवून एकदा आमच्यासमोर ठिणगी दाखवा." त्याने प्लग हातात घेतला नाही. शेवटी सीडीआय आणि कॉईलचे चार हजार त्याने रोख परत दिले, वर "मजुरी कापली नाही बघा" असंही ऐकवलं. किटबद्दल बोलायला तयार नव्हता.

किटची फसवणूक मला जास्त गंभीर वाटते. "८० सीसी" असं स्टिकर असलेल्या या इंजिनाचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ किंवा ४० मिलिमीटर असतो. हिशोब केला तर ६६ ते ६९ सीसीच भरतात. हे एक वेळ सोडून देऊ. "नो लायसन्स" हे मात्र धडधडीत खोटं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची फक्त २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहनं वगळली आहेत. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या वाहनांची जी सवलत आहे, ती बॅटरीच्या वाहनांना. तीच सवलत पेट्रोलच्या किटला चिकटवून हे लोक माल खपवतात. पेट्रोलच्या या सायकलीला नोंदणी, विमा आणि लायसन्स सगळं लागतं, आणि ज्या वाहनाच्या नमुन्याची एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासणीच झालेली नाही त्याची नोंदणी व्हायची कशी? नाना पहाटेच्या अंधारात, कंटेनर धावत असताना, ठाणे-बेलापूर रोड ओलांडत होते. एखाद्याला धक्का लागला असता तर थर्ड पार्टी विमा नाही, नुकसानभरपाई नानांच्या खिशातून. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला हे न सांगता, उलट खोटं सांगून सतरा हजार घेतले, याचा मला आजही संताप येतो.

बिल नाही म्हणून तक्रार होत नाही, असं बरेच जण समजतात आणि गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. यूपीआयची नोंद, "नो आरटीओ" लिहिलेला व्हॉट्सअॅप मेसेज, गॅरेजच्या पाटीचा फोटो, सीडीआयच्या दोन्ही बाजूंचे फोटो, हे सगळं आम्ही जपून ठेवलं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो. नाही जमलं तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते.

ज्यांची सायकल आत्ता बंद आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. ठिणगी असूनही पेट घेत नसेल तर काढलेल्या प्लगकडे बघा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही: टाकीचा कॉक, फिल्टर, कार्ब्युरेटरचं जेट बघायचं. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, प्लग पुसून, थोडा वेळ उघडा ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओलावा धरायची खोड आहे, त्यामुळे पावसाळ्यात टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत आठवडेच्या आठवडे ठेवू नका. ऑइलचं प्रमाण इंजिन नवं असताना १६ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, पुढे २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली. प्लगच्या वायरीवरची टोपी हादऱ्यांनी सैल होते, ती फिरवून घट्ट करा. आणि गॅरेजमध्ये पार्ट बदलायला सांगितला तर जुना पार्ट तिथल्या तिथे ताब्यात घ्या, त्यावर आधीच मार्करने खूण करून ठेवा.

नानांच्या सायकलीवरून इंजिन आम्ही उतरवलं आहे. लाईन आता दोघांत वाटून घेतली आहे, लांबचे सेक्टर शेजारचा मुलगा टाकतो. हेल्पलाईनवरून गॅरेजला फोन गेला तेव्हा त्याने अर्धे पैसे देतो म्हणून निरोप पाठवला. नानांनी नाही म्हटलं. सतरा हजारांची पूर्ण रक्कम मागणारा आयोगाचा अर्ज बहिणीने मराठीत लिहून काढला आहे आणि येत्या सोमवारी आम्ही तो दाखल करतोय. त्याच मेसेजवर भुलून कुणी किट घेतलं असेल तर तो मेसेज पुसू नका, त्यावर तुम्हालाही स्वतंत्र तक्रार करता येईल.