राब भाजावा की गादीवाफा करावा?

भाताच्या रोपांसाठी यंदा राब भाजावा (रोपांच्या जागेवर शेण, टहाळ म्हणजे झाडांच्या पानांसह फांद्या आणि पालापाचोळा पसरून जाळावा) की गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच, सपाट वाफा) करावा, असे इगतपुरीकडच्या एका शेतकऱ्याने विचारले आहे. माती उष्णतेची मंद वाहक असल्याने आच सहसा काही सेंटिमीटरपलीकडे फारशी उतरत नाही आणि उन्हाळ्यात खोल गेलेली गांडुळे बहुधा वाचतात. मात्र वरच्या थरातील, ढेकूळ फोडताच टुणकन उडणारे पांढुरके स्प्रिंगटेल (कीटकांसारखे बारीक जीव) आणि सूक्ष्म कोळी (माइट) मरतात, शिवाय पालापाचोळाच न उरल्याने त्यांचे परतणे लांबते, आणि हेच नुकसान मला अधिक गंभीर वाटते. गादीवाफ्यात कुजलेले शेणखत घातल्यास त्यांना खाद्य मिळते. तणाचे बी मारण्यात राब निःसंशय सरस आहे. गादीवाफ्याला खुरपणी लागते, पण शेण-टहाळ जमवण्याचे कष्ट वाचतात. खुरपणीला माणसे मिळणाऱ्यांनी गादीवाफाच करावा; तणाने बेजार झालेल्यांनी राब लहान तुकड्यापुरता ठेवावा.