बूटरेक की बीसीडीबूट? विंडोज उठत नसेल तेव्हा

विंडोज सुरू होत नाही, पेनड्राइव्हवरून कमांडची काळी खिडकी उघडली आहे आणि पुढे काय टाइप करायचं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. रस्ते दोन. एक बूटरेक, ही विंडोजची बूट दुरुस्त करणारी कमांड. दुसरा, डिस्कपार्टने (डिस्कचे भाग हाताळणारं टूल) बूटच्या पार्टिशनला अक्षर देऊन बीसीडीबूट, म्हणजे बूटच्या फाइल नव्याने लिहिणारी कमांड, चालवणं.

जुनं बायॉस (मशीन चालू करणारं जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर) आणि एमबीआर डिस्क (सुरुवातीलाच बूटचा कोड ठेवलेली) असेल तर बूटरेक खुशाल वापरा. कमांड लहान आणि चुकून डेटा उडायची भीती कमी. माझाही हात आधी तिकडेच जायचा.

नौपाड्यात आमच्या मेहुण्यांचं डीटीपीचं दुकान आहे. अपडेट चालू असताना लाइट गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली. सकाळी निळा स्क्रीन. दोन लग्नपत्रिका त्याच मशीनमध्ये आणि गिऱ्हाईक दुपारी येणार. मी बूटरेकचं फिक्सएमबीआर दिलं, काम यशस्वी झाल्याचा संदेश आला. फिक्सबूटला उत्तर आलं, 'ॲक्सेस इज डिनाइड'. रीबिल्डबीसीडीने सापडलेले विंडोज सांगितले 0. पाऊण तास मी हेच फिरवून फिरवून करत होतो. मला सगळ्यात खटकतो तो पहिला यशस्वी संदेश. यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत) मशीन चालू होताना एमबीआरमधला तो कोड वाचतच नाही, म्हणजे दुरुस्ती झाली ती उपयोगाची नव्हतीच. आणि 0 चा अर्थ विंडोज गेलं असाही नाही. बीसीडीत, म्हणजे बूटच्या नोंदींच्या फाइलमध्ये, आधीच नोंद असलेलं विंडोज ती कमांड मोजत नाही. हे कळेपर्यंत मेहुण्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मग डिस्कपार्ट उघडलं. 'लिस्ट व्हॉल्यूम'मध्ये 100 एमबीचं फॅट32 पार्टिशन दिसलं, यूईएफआयच्या बूटच्या फाइल त्यातच असतात, ते निवडून त्याला एस हे अक्षर दिलं आणि बाहेर आलो. रिकव्हरीत अक्षरं बदलतात. तिथे विंडोज सी ऐवजी डी वर होतं, ते डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) देऊन आधी पाहून घेतलं. मग बीसीडीबूटची एकच ओळ: डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. बूटच्या फाइल विंडोजच्या फोल्डरमधूनच नव्याने आल्या, बीसीडीही तयार झाली.

डिस्कपार्टची धास्ती रास्त आहे. तिथे 'क्लीन' दिलं की निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशन जातात. मी एंटर मारण्याआधी शेजारच्याला व्हॉल्यूमचा आकडा मोठ्याने वाचायला लावतो. ते छोटं पार्टिशन फॉरमॅट करा असाही सल्ला मिळतो. सोबत लिनक्स असेल तर मुळीच करू नका, त्याला सुरू करणारं ग्रबही तिथेच असतं.

तुमचं मशीन वेगळं असू शकेल, पण गेल्या काही वर्षांतला लॅपटॉप असेल तर मी बूटरेकमध्ये वेळ घालवणार नाही. फक्त बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. कुलूप उघडल्याशिवाय बीसीडीबूटला विंडोजचं फोल्डर वाचताच येत नाही.