विमान चुकलं, तिकीट बदललं, स्टँडबाय मागितलं: पुणे-नागपूर-दिल्ली फेऱ्यांमधला अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून कामासाठी पुण्याहून नागपूर आणि दिल्लीला सतत जावं लागतंय. या काळात विमान कंपन्यांचे नियम वाचूनच नाही, तर काउंटरवर उभं राहून वापरावे लागले. माझं मत स्पष्ट आहे. नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत, पण ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. आणि तुमच्या नावापुढे ‘नो-शो’, म्हणजे तिकीट असून प्रवासी आलाच नाही अशी नोंद, लागलं की त्यातले बरेचसे हक्क संपतात.

देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, गेट २५ मिनिटं आधी. वेब चेक-इन झालंय म्हणून निर्धास्त राहू नका, कारण गेटवर वेळेत पोचला नाहीत तर तेव्हाही नो-शोच. लोहगावच्या रस्त्यावर कोंडी असेल तर उशीर होणार हे बऱ्याचदा निघण्याआधीच कळतं. तेव्हाच अ‍ॅप उघडून तिकीट पुढच्या विमानावर टाकायचं. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक द्यावा लागतो आणि तो झोंबतो, पण मूळ भाडं वाचतं. ही सोय विमान सुटण्याच्या काही तास आधी बंद होते. मी ज्या कंपनीने जाते तिथे आधी चेक-इन रद्द करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी हेल्पलाइनवर बराच वेळ जातो, तेवढा हिशोब धरून ठेवा. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असेल तर जास्तच सांभाळा. जाण्याच्या टप्प्यात नो-शो लागलं की काही कंपन्या परतीची जागाही काढून टाकतात.

विमान चुकलंच, तरी सगळे पैसे बुडत नाहीत. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेच्या नियमानुसार सरकारी कर आणि यूडीएफसारखी विमानतळाची शुल्कं नो-शो प्रवाशालाही परत द्यावीच लागतात, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी. स्वस्त तिकिटात हा भाग चांगलाच मोठा असतो, बिल उघडून बघा. मला हे पैसे आपोआप कधीच मिळाले नाहीत. दर वेळी ईमेल लिहिला, तेव्हा मिळाले. तिकीट एजंटकडून किंवा पोर्टलवरून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच.

स्टँडबायबद्दल, म्हणजे जागा रिकामी राहिली तर बसवून घेण्याच्या सोयीबद्दल, मात्र निराशा झाली. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण काम लवकर आटोपलं की त्याच दिवशीच्या आधीच्या विमानासाठी यादीत नाव लावते. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या कंपन्यांकडे ती सोय आहे. इथे तिकीट काढलेल्या प्रवाशासाठी तशी रूढ पद्धत नाही. काउंटरवर विचारलं की नवं तिकीट काढा म्हणतात, तेही त्या दिवशीच्या भावाने. जागा रिकामी जाणार असेल तर माणसाला बसू द्यायला काय हरकत आहे, हे मला अजून पटलेलं नाही.

सगळ्यात मोठा धडा दिल्लीत मिळाला. मी वेळेत पोचले होते, बोर्डिंग पास हातात होता आणि गेटवर सांगितलं की जागा भरल्या. कंपनीने जास्त तिकिटं विकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान देऊ केलं, वर नोंद करायला निघाले नो-शोची! मी तिथेच थांबले आणि ‘डिनाइड बोर्डिंग’, म्हणजे कंपनीनेच विमानात बसू दिलं नाही, असं लेखी मागितलं. बराच वाद झाला, पण मिळालं. या एका शब्दावर सगळं अवलंबून असतं. कंपनीने आधी स्वेच्छेने जागा सोडणारे प्रवासी शोधायचे असतात. जबरदस्तीने थांबवलं आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई लागू होते. पर्यायी विमान २४ तासांच्या आतलं असेल तर मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यापुढचं असेल तर चौपट, कमाल २०,०००. कंपनीने टाळाटाळ केली तेव्हा सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, त्यानंतर पैसे आले. धुक्याने किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे विमान रखडलं तर ही भरपाई नाही. पण दोन-अडीच तासांच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं द्यायला हवं, आणि सहा तासांच्या वर गेलं की दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची.

पुढे परदेशी जाणार असाल तर नागपूर-मुंबई आणि मुंबई-लंडन अशी तिकिटं वेगवेगळी काढू नका. पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी तुम्हाला सरळ नो-शो धरते. एकाच पीएनआरवर असेल तर पुढे पोचवण्याची जबाबदारी त्यांची.

आईवडिलांचं तिकीट एजंटने काढलं असेल तर आजच पीएनआर उघडून त्यावर मोबाईल नंबर कोणाचा आहे ते पाहा. पुष्कळदा तो एजंटचाच असतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्याकडेच जातो, आणि बुकिंग करताना प्रवाशाचा संपर्क नीट दिलेला नसेल तर कंपनीवर भरपाईचं बंधन राहत नाही.