‘झिरो करून पाठवतो’ म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका

४६२ डॉलर ५० सेंट. क्रॉसबोच्या, म्हणजे बंदुकीसारखा ट्रिगर असलेल्या धनुष्याच्या, स्कोपपायी (नेम धरायच्या दुर्बिणीपायी) माझे एवढे गेले. स्कोपचे ३१०, ‘तुमच्या बोसाठी खास झिरो करून देण्याचे’ (म्हणजे नेम आधीच जुळवून देण्याचे) ८५, पार्सलच्या विम्याचे २७.५० आणि परताव्याआधी ‘हँडलिंग’चे ४०. यातला एकही सेंट परत आलेला नाही. घरात सांगायलाही लाज वाटत होती. तरी लिहिते आहे, कारण हाच माणूस हाच माल दुसऱ्या नावाने अजून विकतो आहे आणि अमेरिकेत ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनियात नव्याने शिकारीला लागलेली आपली बरीच मंडळी त्याच ऑनलाइन ग्रुपांवर वस्तू शोधत असतात.

आधी एक गोष्ट, कारण ती ऐकवणारे लगेच भेटतात. भारतात १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद आहे, हे मला माहीत आहे. इथे ओहायोत ती कायदेशीर आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून, लायसन आणि डियर परमिट घेऊन केली जाते. बाणांचा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि त्यात क्रॉसबो चालतो. मी हे सगळं रीतसर केलं. फक्त विचारायला माणूस नव्हता. मंडळातल्या लोकांना स्कोपबद्दल काय विचारणार? निम्मे तोंड फिरवतील आणि उरलेले सासूबाईंपर्यंत बातमी पोचवतील. असं एकटं शिकणारं माणूसच या चोरांना हवं असतं.

तर हा इसम. शिकारीच्या सामानाच्या खरेदी-विक्रीचा एक मोठा ग्रुप आहे, तिथे त्याची जाहिरात होती. प्रोफाइलवर नातवंडं, पिकअप, मोठ्या शिंगांची हरणं. स्वतःला निवृत्त गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा) म्हणवायचा. नव्याला साडेपाचशेच्या घरात पडणारा नावाजलेल्या कंपनीचा स्कोप ३१०ला, ‘एकदाच लावलेला’. आणि वर ८५ दिले तर, ‘तुमच्याच मॉडेलचा बो माझ्या वर्कशॉपमध्ये आहे, त्यावर चढवून २० यार्डांना झिरो करतो, तुम्ही फक्त चार स्क्रू आवळा आणि जंगलात जा.’

जे कधी या वाटेला गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. झिरो करणं म्हणजे स्कोपमधली रेघ जिथे टेकते तिथेच बाण लागेल असं जुळवणं. आधी १० यार्डांवरून, मग २० वरून, बो सँडबॅगवर टेकवून तीन-तीन बाण मारायचे, घोळका कुठे पडला ते बघायचं, टरेटचे, म्हणजे स्कोपवरच्या फिरवायच्या खुंटीचे, क्लिक फिरवायचे. बहुतेक स्कोपांवर एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. म्हणजे २० यार्डांवर एक इंच सरकायला वीस क्लिक लागतात. वरची रेघ २० ला बसली की ३०, ४०, ५०च्या खालच्या रेघा स्पीड रिंगने (स्कोपवरच्या, वेगाचे आकडे असलेल्या फिरत्या कड्याने) जुळवायच्या, बाण सेकंदाला किती फूट जातो त्यावरून. शेवटी ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) लावून पुन्हा तपासायचं, कारण तो फील्ड पॉइंटसारखा (सरावाच्या साध्या टोकासारखा) उडेलच असं नाही. फार्मसीत बारा-बारा तास उभं राहून आल्यावर हे कोणी करून देत असेल तर ८५ डॉलर मला जास्त वाटले नाहीत. कोणालाच वाटले नसते.

पैसे बँकेच्या ॲपमधून थेट फोन नंबरवर मागितले. कार्ड घेतलं तर तीन टक्के कापले जातात, म्हणे. इथले छोटे दुकानदारही हेच सांगतात, त्यामुळे यात मला वावगं काही दिसलं नाही. त्याच संध्याकाळी फोटो आला. फोमचा चौकोनी ब्लॉक, नारिंगी स्टिकर, त्यात एकमेकांना चिकटलेले हिरव्या पिसांचे तीन बाण. ‘तुमचा झिरो झाला.’

आता तो क्षण. दुसऱ्या दिवशी मी माझे बाण वजन करून पाहिले. पाकिटावरून मी त्याला ४०० ग्रेन कळवले होते, म्हणजे साधारण २६ ग्रॅम. काट्यावर एकेक बाण टोकासकट २८.८ ग्रॅम भरला, म्हणजे ४४५ ग्रेन. बाणाच्या टोकाशी आत बसवलेल्या पितळी इन्सर्टमुळे. मी लगेच मेसेज केला, की वजन चुकीचं कळवलं होतं, ४४५ धरा. उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘ॲडजस्ट केलं, आता परफेक्ट.’

दोन मिनिटांत! ४५ ग्रेन वाढले की बाण सेकंदाला पंधरा-वीस फुटांनी मंदावतो, ४० यार्डांवर दोनएक इंच खाली बसतो. ते जुळवायला त्या वजनाचे बाण हवेत, बो ओढायला हवा, पुन्हा मारायला हवं, चालत जाऊन टार्गेट बघायला हवं. दोन मिनिटांत फार तर दोरी लावून बो कॉक करून, म्हणजे ताणून अडकवून, होतो, एवढं सगळं नाही. तो मेसेज मी कितीदा वाचला असेन आणि प्रत्येक वेळी त्या ‘परफेक्ट’वर कानशिलं तापतात. तिथेच समजायला हवं होतं, असं मला आता चारजणांनी ऐकवलं आहे. ऐकवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तेव्हा माझ्यापुढे काउंटरवर रांग होती आणि पैसे आदल्या दिवशीच गेले होते. बाणाचं वजन स्वतःहून दुरुस्त करून कळवणारं गिऱ्हाईक बेफिकीर नसतं. फसवणारा फसवत होता, दोष त्याचा आहे.

पार्सल आलं. खोका हुबेहूब, लोगो बरोबर, सिरियल नंबरसुद्धा. सरावाच्या रेंजवर पहिले तीन बाण मधल्या बिंदूपासून सात इंच डावीकडे आणि खाली. उजवीकडे १४० क्लिक दिले. पुढचे तीन तिघे तीन दिशांना. एक ब्लॉकच्या बाहेर, मागच्या मातीत. मला वाटलं माझा हात हलतोय, ट्रिगर झटकला जातोय, दोरी एका बाजूला जास्त ओढली जातेय. स्वतःलाच दोष देत राहिले. शेवटी रेंजवरच्या एका वयस्कर शिकाऱ्याने स्कोप डोळ्याला लावला, स्पीड रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि म्हणाला, ‘यात काहीच बदलत नाही.’

ही खूण पाठ करा. खऱ्या स्कोपमध्ये स्पीड रिंग फिरवली की चित्र लहान-मोठं होतं, कारण ती रिंग मॅग्निफिकेशनच बदलत असते आणि त्यामुळेच रेघांमधलं अंतर बाणाच्या वेगाशी जुळवता येतं. माझ्या स्कोपची रिंग नुसती आकडे छापलेली पट्टी होती. आतली रेघही प्रत्येक धक्क्याला जागा सोडत होती. कंपनीला सिरियल नंबर कळवला तर उत्तर आलं, हा नंबर आमचा नाही.

रेंजवरच्या त्याच शिकाऱ्याने पुढे सांगितलं ते ऐकून तर जास्त संताप आला. स्कोप खरा असता तरी हा सौदा खोटाच होता. एका बोवर केलेला झिरो दुसऱ्या बोवर जात नाही, मॉडेल तेच असलं तरी. स्कोप बसवायची रेल वेगळी, दोरी वेगळी, स्क्रूंचा ताण वेगळा. काढून पुन्हा त्याच बोवर बसवला तरी तपासावा लागतो. म्हणजे ते ८५ डॉलर जगात नसलेल्या कामाचे होते.

पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे. हरणाच्या छातीतली नेमाची जागा जेमतेम आठ इंचांची. तिथून बाण सरकला तर ते लगेच मरत नाही, पोटात पातं घेऊन पळतं आणि कुठल्यातरी झुडपात कितीतरी तासांनी जीव सोडतं. ‘चार स्क्रू आवळा आणि जंगलात जा’ हे वाक्य कोणी खरंच पाळलं असेल. त्या चोराला याची काही पडलेली नाही.

परत मागितले तर आधी गोड. मग ४० डॉलर हँडलिंग भरा, लेबल पाठवतो. तेही भरले, कारण ४२२ अडकले होते. मग ब्लॉक.

आता व्यवस्थेचं. बँकेने पंचेचाळीस मिनिटं फोनवर ठेवून सांगितलं, की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे हा ‘अनधिकृत’ व्यवहार नाही. १९७८च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याचं संरक्षण दुसऱ्याने तुमच्या खात्यातून काढले तर. चोराने गोड बोलून तुमच्याच हाताने काढायला लावले तर नाही. समोरच्याचं खातं गोठवा म्हटलं, तर त्याची गोपनीयता आहे. त्याची! शेरीफच्या (इथल्या स्थानिक पोलिसांच्या) ऑफिसातल्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, ‘बो तुमच्या मिस्टरांचा का?’ दुसरं वाक्य, ‘ही दिवाणी बाब आहे.’ विक्रेता दुसऱ्या राज्यात, तर तिकडे तक्रार करा. तिकडे फोन केला, तर तुम्ही राहता तिकडे करा. ऑनलाइन सरकारी फॉर्म भरला, एक क्रमांक मिळाला, पुढे शांतता. सोशल मीडियावर प्रोफाइल रिपोर्ट केलं, तर ‘आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.’ आणि ग्रुपच्या ॲडमिनने माझी सूचनाच उडवली, ग्रुपमध्ये नकारात्मक वातावरण नको म्हणून. चोराची जाहिरात मात्र तशीच. सकाळी मुलाला शाळेत सोडून, ब्रेकमध्ये, जेवण टाकून मी हे फोन करत होते आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस मला पुढच्या टेबलाकडे ढकलत होता. तेवढ्यात नोव्हेंबरचा मधला काळ निघून गेला, जेव्हा नर माजावर येऊन दिवसाउजेडी फिरतात. तो हंगाम मला कोण परत देणार?

आणि हो, तक्रारी लिहायला लागलं की आठवड्याभरात ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा येतो. मला आलेल्याने १५० आगाऊ मागितले. त्याला उत्तरही देऊ नका, तोही त्याच धंद्यातला.

पैसे क्रेडिट कार्डानेच. तीन टक्के जास्त द्या. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने बिल पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. ॲपने पाठवलेल्या पैशांना ती सोय नाही. स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून काढा, ब्लॉक झाल्यावर गप्पा दिसतीलच असं नाही. सिरियल नंबरचा फोटो पैसे देण्याआधी मागा आणि तो कंपनीला विचारा. वापरलेला स्कोप हातात घेतल्याशिवाय घेऊ नका आणि रिंग फिरवताना डोळा लावून बघा. झिरो करायला पैसे द्यायचेच असतील तर दुकानात स्वतःचा बो आणि स्वतःचे बाण घेऊन जा, शेजारी उभं राहा आणि शेवटचे तीन बाण स्वतः मारा. नकली माल परत पाठवू नका, तो पुरावा आहे. माझा खोक्यासकट कपाटात आहे.

त्याचं आताचं नाव सांगून उपयोग नाही, ते बदलत राहतं. फोटो मात्र तो बदलत नाही. आणखी दोन नावांखाली मला तोच फोटो सापडला आहे: उजव्या वरच्या कोपऱ्यात तडा गेलेला फोमचा ब्लॉक, अर्धवट सुटलेलं नारिंगी स्टिकर, हिरव्या पिसांचे तीन बाण, त्यातल्या एकाचं पीस फाटलेलं. ‘तुमचा झिरो झाला’ म्हणून हा फोटो आला तर पैसे थांबवा आणि मला त्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पाठवा. मी जमा करते आहे.