लपणात बसायचं कशावर? जमिनीलगतच्या आसनांचं परीक्षण

माळरानावर किंवा पाणवठ्याशी लपणात, म्हणजे प्राण्यांना दिसू नये अशा आडोशाला बसून पक्ष्यांचे, खोकडांचे फोटो काढणारे लेन्सवर लाख-दोन लाख खर्च करतात आणि बसायला घरातलं प्लास्टिकचं स्टूल उचलून नेतात. मग अर्ध्या तासात कंबर धरते, पाय बदलावा लागतो, स्टूल कुरकुरतं आणि वीस मीटरवर आलेला धाविक पक्षी पळून जातो. आसन ही चैनीची वस्तू नाही. माणूस किती वेळ न हलता बसू शकतो ते आसनावर ठरतं, आणि फोटोचा कोनही त्याच्याच उंचीवर ठरतो.

बाजारातली जमिनीलगतची बरीचशी आसनं मुळात शिकाऱ्यांसाठी बनलेली आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण अमेरिकेत वसंतात रानटर्की या मोठ्या पक्ष्याची शिकार चालते. तिथे शिकारी झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, गुडघा वर घेऊन, बंदूक गुडघ्यावर टेकवून तासन् तास बसतो. टर्कीला रंग दिसतात आणि बारीकशी हालचालही तिच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे ही ‘टर्की चेअर’ अगदी बुटकी असते, तिला पाठ असते आणि हात टेकायला बहुधा काही नसतं. गुडघ्यावर बंदुकीऐवजी कॅमेरा ठेवला की गरज तीच राहते. डेकॅथलॉनचा सोलोन्याक हा ब्रँडही मूळ शिकारीच्या सामानाचाच. त्याचे मातकट, हिरवे रंग आपल्या माळावर चांगले मिसळतात.

आधी उंची, मग बाकी सगळं

दुकानात लोक गादी दाबून बघतात. आधी टेप लावून आसनाची उंची मोजायला हवी. जमिनीवर मांडी घातली तर डोळा साधारण ७५ सेंटिमीटरवर येतो. ४५ सेंटिमीटरच्या स्टुलावर तोच डोळा १२० वर जातो. आता समोर सहा मीटरवर, जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच असा तुतवार हा पाणथळीतला छोटा पक्षी चिखलात उभा आहे असं धरा. स्टुलावरून त्याच्याकडे पाहिलं तर कोन जवळजवळ १० अंश खाली येतो आणि नजरेची रेघ त्याच्या डोक्यावरून जाऊन मागे ८५ सेंटिमीटरवर चिखलाला टेकते. जमिनीवरून पाहिलं तर कोन ६ अंशांच्या आत राहतो आणि रेघ दीड मीटर मागे टेकते. लेन्स ३५ सेंटिमीटरवर आणली तर तीच रेघ साडेचार मीटर मागे जाते. पक्ष्यामागचा चिखल धूसर, मऊ दिसतो तो यामुळे. लेन्स कितीही भारी असली तरी उंच स्टुलावरून ही पार्श्वभूमी मिळत नाही.

म्हणून उघड्या माळावर आणि पाण्याच्या काठावर आसनाची उंची शून्य ते २० सेंटिमीटर हवी. स्टुलाला जागा आहे ती पक्क्या बांधलेल्या लपणांत, कारण तिथे खिडकी किती उंचीवर ठेवायची ते मालकाने आधीच ठरवलेलं असतं. अशा ठिकाणी जाण्याआधी फोन करून खिडकीची खालची कड जमिनीपासून किती आहे ते विचारावं. कड ९० सेंटिमीटरवर असेल तर बुटकी खुर्ची निरुपयोगी ठरते.

बुटक्या आसनाचीही किंमत मोजावी लागते. गुडघे कमरेपेक्षा वर गेले की माकडहाडाचा भाग मागे ढळतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. पाठीला टेका नसेल तर अर्ध्या-पाऊण तासात दुखायला लागतं. माझ्या मते २० सेंटिमीटरखालच्या आसनाला पाठ हवीच. नसेल तर मागे झाड, दगड किंवा निदान उभी ठेवलेली सॅक हवी. सॅकचा टेका घेणार असाल तर तिच्यातलं खाणं-पिणं आधीच पुढे काढून ठेवा.

पाणी न शोषणाऱ्या फोमची बैठक

सर्वांत स्वस्त, सर्वांत हलकी आणि बहुतेकांनी आधी घ्यावी अशी वस्तू ही. थर्मारेस्ट कंपनीची ‘झी सीट’ ६० ग्रॅमची आहे, घडी होऊन सॅकच्या बाजूच्या कप्प्यात जाते. आयात केलेली नको असेल तर ६ मिलिमीटर जाडीची योगा मॅट ३५ बाय ४० सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून तीन थर एकावर एक ठेवा. थर चिकटवू नका, फक्त दोन कोपऱ्यांत दोऱ्याने ओवा. चिकटवले की फोम ताठ होतो आणि खडबडीत जमिनीवर बसत नाही. गादीचा स्पंज मात्र वापरू नये. तो दव पितो आणि सकाळी सात वाजता ओल्या आसनावर बसायची वेळ येते.

हवा भरायच्या उशा दुकानात फार आरामशीर वाटतात. आपल्या माळावर बाभूळ आहे आणि तिचा काटा पाच-सात सेंटिमीटर लांब होतो. एका काट्यात उशी संपते. शिवाय हवेच्या उशीवर शरीर सतत डोलतं आणि लांब लेन्सच्या टोकाला ते डोलणं दिसतं.

भिगवणला उजनीच्या जलाशयात होडीतून रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्यांनीही हाच फोम न्यावा. होडीत स्टूल मांडलं की वजनाचा मध्य वर जातो आणि होडी कलंडायला लागते. तळाशी फोमवर बसलं की होडी स्थिर राहते आणि लेन्सही पाण्याजवळ येते.

तीन पायांचं स्टूल

तीन टोकं कोणत्याही जमिनीवर टेकतातच, म्हणून हे कधी डगमगत नाही. कातळ-सड्यावर, दगडगोट्यांत चार पायांच्या खुर्चीचा एक पाय अधांतरी राहतो, तिथे हे बरं पडतं. पण त्याचा धोका वेगळा आहे. तीन टोकं जोडून होणारा त्रिकोण लहान असतो, आणि दोन पायांच्या मधल्या बाजूला वाकून सॅक उचलायला गेलं की माणूस सरळ आडवा होतो. सॅक नेहमी एखाद्या पायाच्या रेषेत ठेवा, मधल्या मोकळ्या बाजूला नको.

स्वीडनचं वॉकस्टूल या प्रकारात अजून सरस आहे. ४५ सेंटिमीटरचं मॉडेल पाऊण किलोच्या आसपास भरतं. पाय दुर्बिणीसारखे सरकतात आणि ते न ताणता बसलं तर तेच बुटकं आसन होतं. एकाच वस्तूत दोन उंच्या मिळतात हा त्याचा खरा फायदा. बाजारातल्या स्वस्त नकलांमध्ये तीन नळ्या एकत्र धरणारा मधला बोल्ट आधी जातो. विकत घेताना स्टूल उघडून बोल्टभोवती नळी चेपली आहे का ते पाहा. चेपली असेल तर तिथूनच ती मोडते.

पाठ नाही, हा या सगळ्याच स्टुलांचा दोष आहे. तासाभराच्या वर बसायचं असेल तर मी स्टूल सुचवणार नाही.

नळ्यांच्या घडीच्या खुर्च्या

हेलिनॉक्स या कोरियन कंपनीची ‘चेअर वन’ आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या डझनभर खुर्च्या आता सगळीकडे मिळतात. चेअर वन जेमतेम एक किलोची आहे आणि कंपनी १४५ किलो वजनाची हमी देते. ‘चेअर झीरो’ अर्ध्या किलोची आहे. मुक्कामाच्या जागी शेकोटीशेजारी बसायला दोन्ही उत्तम. लपणासाठी मात्र माझा कौल विरोधात आहे, आणि त्याची कारणं तीन.

पहिलं कारण टोकांचं. ऐंशी किलोचा माणूस दीड सेंटिमीटर व्यासाच्या चार टोकांवर बसला तर दर चौरस सेंटिमीटरला अकरा किलोच्या वर भार येतो. उजनीच्या काठचा गाळ किंवा पावसानंतरची काळी माती हा भार पेलत नाही. एक पाय आत जातो आणि खुर्ची तिरकी होते. टेनिसच्या चेंडूंना फुली मारून ते चारही टोकांवर चढवले तर बराच फरक पडतो. मऊ गाळात त्याहून चांगलं म्हणजे ६ मिलिमीटर प्लायवूडचे हातभर लांबीचे दोन पट्टे, एक पुढच्या पायांखाली आणि एक मागच्या. दुसरं, कापड झोळीसारखं असल्याने माणूस मागे कलतो. कॅमेरा डोळ्याला लावायला पुढे यावं लागतं आणि मग पाठ हवेत राहते. म्हणजे पाठीसाठी पैसे दिले आणि पाठ वापरायलाच मिळाली नाही. तिसरं, उठताना खुर्ची ढुंगणाला चिकटून वर येते आणि नळ्या खडखडतात.

यापेक्षा बुटकी, घडी होणारी टर्की चेअर चांगली. तिचा तळ टोकांचा नसतो, जमिनीवर आडव्या टेकणाऱ्या नळीचा असतो, त्यामुळे भार लांबीवर पसरतो आणि ती रुतत नाही. वजन मात्र दोन-अडीच किलोपर्यंत जातं. गाडीपासून अर्धा किलोमीटर चालायचं असेल तर काही वाटत नाही, घाट चढायचा असेल तर फोमच बरा. ही खुर्ची घेताना पुढची आडवी नळी नीट तपासा. बसल्यावर गुडघ्यामागची बाजू आणि आसनाची कड यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. जात नसतील तर नळी मांडीखाली दाबते, पायाला मुंग्या येतात आणि नेमकं उठायच्या वेळी पाय उचलत नाही. हात टेकायचे दांडे असलेली खुर्ची घेऊ नका. लांब लेन्स फिरवताना कोपर त्यांवर आदळतो.

कापड आणि आवाज

जाळीचं कापड उन्हाळ्यात हवेशीर असतं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतात. आपल्या माळावर कुसळी गवत आहे. पावसाळा सरला की त्याची कुसळं जाळीत उभी घुसतात, आरपार येतात आणि निघत नाहीत. घट्ट विणीचं पॉलिस्टर किंवा जाड कॅनव्हास घ्यावा. कॅनव्हास भिजला की जड होतो, पण घासल्यावर आवाज करत नाही. चकचकीत नायलॉन दर हालचालीला खसखसतं.

आवाजाची परीक्षा दुकानातच करा. बसा, डावीकडे-उजवीकडे वळा, पुढे वाका, परत टेका. एकदा जरी कुरकुरली तर रानातल्या शांततेत ती चौपट ऐकू येईल. घरी आणल्यावर कुरकुरायला लागली तर सांध्यांना तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात आवाज वाढतो. पांढरी मेणबत्ती रिव्हेटभोवती घासा. वेल्क्रोचे पट्टे उसवून टाका आणि त्या जागी नाडी बांधा. नळीची चमक झाकायला मातकट कापडी चिकटपट्टी गुंडाळली की नळ्या एकमेकींवर आपटल्याचा खणखणाटही जातो.

घरातला पाट

लाकडी पाट चार-पाच सेंटिमीटर उंच असतो, रुतत नाही, कुरकुरत नाही, कुसळं धरत नाही. त्यावर फोमचा तुकडा टाकला तर लपणाच्या तंबूत तासभर उत्तम बसता येतं. पितळी फुल्या असलेला पाट असेल तर फुल्यांवर कापड घाला. तंबूच्या आत खुर्चीचं तोंड एकाच दिशेला ठरतं आणि दुसऱ्या खिडकीकडे वळायचं तर सगळी खुर्ची उचलावी लागते. पाटावर नुसतं बूड फिरवलं की झालं.

मांडण्यापूर्वी

जागा आधी काठीने चाळवा. जांभ्या दगडांच्या प्रदेशात फुरसं दगडाखाली असतं, गवतात घोणस असते, आणि बुटक्या आसनावर हात जमिनीच्या अगदी जवळ लोंबतो. मार्च ते जून पायाखालची जमीन दुप्पट काळजीने पाहा. टिटवी आणि चंडोल उघड्यावर जमिनीवरच अंडी घालतात आणि टिटवीची अंडी खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर तिथे बसूच नका, पन्नास-साठ पावलं मागे जा.

मग आसन मांडा, दोन मिनिटं पूर्ण भार टाकून बसा, उठा आणि कोणता पाय रुतला ते पाहा. त्याच्याखाली चपटा दगड सरकवा. हे सगळं उजाडायच्या आधी व्हायला हवं.

काय मोडतं

वजनाची हमी ही शांत बसलेल्या माणसाची असते. धपकन बसलं की भार क्षणभर त्याहून बराच वाढतो, म्हणून स्वतःचं वजन, जाकीट आणि दोन-तीन किलोंचा कॅमेरा मिळून जी बेरीज होईल तिच्या किमान दीडपट हमी पाहा. पहिल्यांदा उसवतो तो कापडाचा कोपरा, जिथे नळीचं टोक खिशात बसतं. तो फाटण्याची वाट न पाहता नवीन खुर्चीच मोच्याकडे न्या आणि चारही खिशांवर चामड्याचा तुकडा लावून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवण मारून घ्या. नळ्यांमधली लवचीक दोरी ढिली झाली की नळ्या नीट बसत नाहीत आणि सांध्यावर फुटतात. दोरी स्वस्तात बदलता येते, फुटलेली नळी बहुधा मिळत नाही. गाळातून आल्यावर नळ्यांची टोकं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत उलटी टांगा, कारण आत राहिलेला गाळ सुकला की पुढच्या वेळी सांधा ना उघडतो ना मिटतो.