कादंबरीत कोणता राक्षस घ्यावा: मॅक्सवेलचा की लाप्लासचा?

मुलांसाठी विज्ञान आणि राक्षस यांची विनोदी कादंबरी लिहायची, तर राक्षस नव्याने घडवायला नको. भौतिकशास्त्रात दोघे आधीच ठाण मांडून बसलेत, मॅक्सवेल आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी नुसत्या कल्पनेत घडवलेले.

मॅक्सवेलचा राक्षस १८६७ सालचा. हा दाराशी बसलेला कारकून. खोलीच्या मधल्या भिंतीत इवलंसं दार, वेगवान रेणू उजवीकडे सोडायचे, सुस्त डावीकडे. एक बाजू तापते, दुसरी गार पडते. काम कंटाळवाणं आणि तरी जीवघेण्या घाईचं, कारण हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावतात. विनोद इथेच आहे. उकाड्याने वैतागलेल्या मुलीने त्याच्याकडून अर्धी खोली दहा अंशांनी गार करून घेतली, तर उरलेली अर्धी साधारण तेवढीच तापणार. नवखा लेखक नेमका इथे फसतो आणि ती उष्णता गायबच करून टाकतो. गायब करू नका. त्या बाजूला धाकट्या भावाला अभ्यासाला बसवा.

त्याचं मर्मस्थानही आयतं मिळतं. कुठला रेणू कसा होता याची नोंद ठेवावी लागते, वही भरते, मग खोडावं लागतं. माहिती पुसली की थोडी तरी उष्णता बाहेर पडतेच, असं भौतिकशास्त्रज्ञ लँडाउअरने १९६१ मध्ये मांडलं. बेनेट या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये त्याच मुद्द्यावर या राक्षसाला चीत केलं: फुकटात मिळवलेला गारवा खोडण्याच्या खर्चातच जातो. म्हणजे मंत्र नको, तलवार नको. वही भरू द्या आणि खोडरबर हातात द्या.

लाप्लासचा (१८१४) सर्वज्ञ. प्रत्येक कणाची स्थिती ठाऊक, त्यामुळे भूत-भविष्य सगळं तोंडपाठ. (लाप्लासने त्याला राक्षस म्हटलं नव्हतं, नुसती ‘बुद्धी’ म्हटलं होतं.) दिमाखदार पात्र, पण पाचव्या पानावर त्याला शेवट ठाऊक असेल तर नायिकेने करायचं काय? उपाय हवामानशास्त्रज्ञ लोरेन्झकडे आहे. त्याने हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घातले आणि अंदाज पुढे पार भरकटला. राक्षसालाही असाच एक दशांश चुकीचा द्या: ठाम बोलेल आणि सपशेल चुकेल. मात्र हा विनोद दशांश अपूर्णांक सरावाचे झाल्याशिवाय पोहोचत नाही.

पहिली कादंबरी आणि नऊ-दहा वर्षांचे वाचक असतील, तर मॅक्सवेलचाच घ्या. लाप्लासचा फार तर दोन प्रसंगांपुरता आणा: “तुझी वही बाविसाव्या पानावर संपणार,” असं तो कारकुनाला सांगतो, आणि ती एकविसाव्यावरच संपते.